क्रँक बदलायचा की ग्राइंड करायचा, ते ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलंय ते परत सांगतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हीच दुरुस्त कराल. २०१४ चा बॅकहो लोडर, मीटरवर ११,४०० तास. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, जुन्या मेकॅनिकल पंपाचं. आधी इंजिन गरम झालं की आयडलला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायचा, मग लोडवर ठोका यायला लागला. इंजिन खोललं तर क्रँकच्या (पिस्टनच्या रॉडने फिरणारा मुख्य दांडा) दोन आणि तीन नंबरच्या पिनवर, म्हणजे रॉड जिथे बसतो त्या गोल भागावर, रेघा आणि तिथल्या बेअरिंगचं तांबं उघडं पडलेलं. आता तिघांची तीन मतं आहेत. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो झिरो पेपर (बारीक पॉलिश पेपर) मारू, स्टँडर्ड बेअरिंग टाकू, चार दिवसांत मशीन साइटवर. ग्राइंडिंगवाला म्हणतो वीस थाऊला जाऊ, म्हणजे पिना इंचाच्या वीस हजारांशाने बारीक घासून जाड बेअरिंग टाकू. आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणतो नवा क्रँकच टाका, बाकी सगळा खेळ आहे.

तिघांपैकी एकानेही मायक्रोमीटर लावल्याचं तुमच्या लिहिण्यात नाही. अवघड जागेचं दुखणं इथेच आहे. मी कराड भागात सव्वीस वर्षं हीच कामं करतोय: बॅकहो, एक्स्कॅव्हेटर, खडी क्रशरवरचे जनसेट. मोजमाप नसताना क्रँकबद्दल मत देणारा माणूस खरं तर त्याच्याकडे जे आहे ते विकत असतो. पेपरवाल्याकडे वेळ कमी असतो, ग्राइंडिंगवाल्याकडे मशीन असतं, पार्टवाल्याकडे पार्ट असतो. तिघंही लबाड आहेत असं मी म्हणत नाही. तुमच्या क्रँकला तिघांपैकी कुणाचाही सल्ला लागू पडू शकतो.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. क्रँक मुळात कशामुळे झिजला?

क्रँक कडक पोलादाचा असतो आणि बेअरिंग मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. काही बिनसलं तर बेअरिंगने आधी मरावं आणि क्रँक वाचवावा, असा तो हिशेब आहे. इंजिन चालू असताना दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि तो थर शाबूत असेपर्यंत ते एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. ११,४०० तासांनी बेअरिंग संपणं समजू शकतो, तेवढं आयुष्य बरं आहे. पण पिनवर नखाला लागतील अशा रेघा असतील तर तो थर तुटला होता किंवा त्या थरात माती फिरत होती. हे कारण सापडल्याशिवाय नवा क्रँक टाकला, तर नवा क्रँकही त्याच वाटेने जातो, फक्त जास्त पैसे घेऊन.

तेलाची वाट डोळ्यांपुढे आणा. पंप, कूलर, फिल्टर, मग ब्लॉकमधली मेन गॅलरी, तिथून पाच मेन बेअरिंगला (ज्यांवर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो), आणि मेन जर्नलमधून (क्रँकच्या त्या बेअरिंगमधल्या भागांतून) क्रँकच्या पोटातल्या तिरक्या भोकांतून चार पिनांना. म्हणजे पिन ही पाटाच्या टेलची शेतं. पाट कुठेही फुटला, गाळाने भरला किंवा धरणातच पाणी कमी असलं, तरी पहिली बोंब टेललाच होते. म्हणून पिन गेल्या आणि मेन बरी आहेत, यात नवल काही नाही. मात्र चारपैकी दोनच का गेल्या, याचं उत्तर बेअरिंगवर लिहिलेलं असतं.

तुमच्या मेकॅनिकला जुनी बेअरिंग फेकू देऊ नका. फेकली असतील तर आत्ता उठा आणि भंगाराच्या डब्यातून काढा. चार रॉडची आठ शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) आणि पाच मेनची दहा. डिझेलने धुवा, पाठीवर मार्करने नंबर आणि वर-खाली लिहा, पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. मी हे काम दुकान बंद झाल्यावर एकटा करतो, कारण त्याला शांतपणा लागतो.

आता बघायचं काय. शेलमध्ये साधारण तीन थर असतात: पाठीला पोलाद, त्यावर तांबं-शिशाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर आणि सगळ्यात वर राखाडी रंगाचा, केसाहूनही पातळ लेप. राखाडी लेप सगळ्या शेलवर सारखा उडालेला, तांबं गुळगुळीत, रेघा नाहीत, तर ते वय आहे. घाबरायचं कारण नाही. लेपात बारीक चमकणारे किंवा काळे कण रुतलेले आणि गोल फिरलेल्या रेघा सगळ्याच शेलवर कमी-जास्त असतील तर तेलात माती होती. एकाच रॉडच्या शेलवर एका बाजूच्या काठाला वरचा अर्धा झिजलेला आणि दुसऱ्या काठाला खालचा, तर रॉड वाकलेला आहे, त्यात क्रँकचा दोष नाही. उधई लागल्यासारखे खड्डे असतील, रंग काळपट असेल, तर तेलात कूलंट गेलंय किंवा तेल महिनोन्महिने बदललेलं नाही. आणि शेल उलटं करून पाठ बघायला विसरू नका. पाठीवर चकाकी किंवा करपल्यासारखे काळे डाग असतील, तर शेल रॉडमध्ये घट्ट बसलेलं नव्हतं, आत हलत होतं. मग रॉडचा मोठा डोळाच (पिनवर बसणारं भोक) लंबगोल झाला असण्याची शक्यता आहे आणि तिथे नवं बेअरिंगही टिकणार नाही.

तुमच्या वर्णनावरून मला संशय येतो तो मातीचा किंवा डिझेलचा, पण शेल न बघता मी पैज लावणार नाही. मातीचं म्हणाल तर एकच प्रश्न ऑपरेटरला विचारा: एअर फिल्टर कसा साफ करतोस? "टायरवर आपटतो" असं उत्तर आलं की माझी अर्धी तपासणी संपते. आपटून फिल्टरचा काठ वाकतो, सील बसत नाही, मग मुरमाची धूळ सरळ सिलिंडरमध्ये, तिथून लायनरवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर अनेक मशीनवर जागेवर नसतोच. "दम घुटतो" म्हणून काढून टाकलेला असतो. डिझेलचं विचाराल, तर जुन्या इंजिनांत डिझेल चढवणारा डायफ्रामचा लिफ्ट पंप ब्लॉकच्या अंगाला असतो. त्याचा डायफ्राम फाटला तर डिझेल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेलाची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि मालक खूश होतो की मशीन तेल खात नाही. डिपस्टिकवरचं तेल बोटावर घेऊन वास घ्या. डिझेल मिसळलं असेल तर नाकाला कळतं.

बॅकहोचं आणखी एक खास दुखणं आहे. उतारावर नाक वर करून तासन्‌तास खोदाई करायची आणि तेल आधीच दोन लिटर कमी. सक्शनच्या जाळीला मग तेलाबरोबर हवा लागते. दिवा क्षणभर लागतो, विझतो, ऑपरेटरला वाटतं वायर ढिली आहे.

आता क्रँक. बाहेरून आतून नीट धुतलेला, कोरडा, आणि शक्य असेल तर रात्रभर मायक्रोमीटरबरोबर एकाच खोलीत ठेवलेला, कारण उन्हात तापलेला क्रँक आणि थंड मायक्रोमीटर खोटं बोलतात. प्रत्येक पिनवर निदान चार मापं घ्यायची. एका काठाजवळ उभं आणि आडवं, दुसऱ्या काठाजवळ उभं आणि आडवं. उभ्या-आडव्यातला फरक म्हणजे लंबगोलपणा, दोन काठांतला फरक म्हणजे निमुळतेपणा. किती फरक चालतो ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तेच शेवटचं. मॅन्युअल हाताशी नसताना मी साधारण ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे एक थाऊ, ही हद्द धरतो. त्याच्या पुढे पेपर मारण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण करून दाखवतो. समजा तुमच्या इंजिनाच्या पिनचं स्टँडर्ड माप ६३.४७ ते ६३.४९ मिमी आहे. तीन नंबरच्या पिनवर चार मापं आली ६३.४५, ६३.४१, ६३.४४, ६३.३९. म्हणजे गोलाई ०.०४ ते ०.०५ ने गेली. त्यात रेघ आणखी खोल आहे, आणि मायक्रोमीटरचा सपाट जबडा रेघेच्या तळाशी जात नाही हे लक्षात ठेवा. रेघ नखाला स्पष्ट अडकत असेल तर व्यासात अजून पाच-सात शतांश धरा. तरीही तळ ६३.३० च्या वर राहतो. पहिला अंडरसाइज (घासून कमी केलेलं माप) ०.२५, म्हणजे ६३.२२ ते ६३.२४. रेघ निघून जाते. मग वीस थाऊला, म्हणजे ०.५० ला, जायचं कारण काय? कधी ग्राइंडिंगवाल्याकडे दहा थाऊची बेअरिंग नसतात, कधी त्याला दोनदा सेटिंग करायचं नसतं. घासलेलं पोलाद परत येत नाही. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि काही इंजिनांत १.०० मिमी, एवढ्याच पायऱ्या आहेत आणि पायरी खर्च करताना कारण मागायचा तुम्हाला हक्क आहे.

झिरो पेपरचं काय? तो उपाय मुळात चुकीचा नाही, चुकीच्या जागी वापरला जातो. पिन गोल आहे, मापात आहे, फक्त वरवरचे डाग आहेत, तर पट्टीने पॉलिश करणं योग्यच. पण लंबगोल पिनला पेपर मारला तर ती चकचकीत लंबगोल होते. त्यावर स्टँडर्ड बेअरिंग टाकलं तर एका ठिकाणी फट बरोबर, नव्वद अंशांवर जास्त, आणि तेल त्या जास्तीच्या फटीतून निघून जातं. अंदाजासाठी एक जुना नियम आहे: व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ तेलाची फट. म्हणजे अडीच इंची पिनला ०.०५ ते ०.०७ मिमीच्या आसपास. हीच फट ०.१२ झाली तर बाहेर पडणारं तेल दुप्पट नव्हे, कितीतरी पट वाढतं, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दिवा लुकलुकण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि पंप बदलून तो जात नाही.

आता मुख्य मुद्दा: ग्राइंडिंग केव्हा नाही. माप पुरलं म्हणून क्रँक वाचला असं होत नाही. आणखी चार गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, तडा. क्रँक तारेने टांगून हातोडीने हलका टोला मारायची जुनी पद्धत आहे. घंटेसारखा लांब नाद आला तर बरं, बद्द वाजला तर संपलं. मी अजूनही ते करतो, पण तेवढ्यावर विसंबत नाही. कोपऱ्यातला केसाएवढा तडा नादात सापडत नाही, त्याला मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडा दाखवणारी तपासणी) लागतं. चांगल्या ग्राइंडिंगच्या दुकानात ते असतं. ग्राइंडिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करून घ्या. नंतर का, तर चाकाच्या उष्णतेनेही बारीक तडे पडतात.

दुसरी, रंग. बेअरिंग धरून जळालं असेल आणि पिन निळी पडली असेल, तर ते पोलाद साधारण तीनशे अंशांपर्यंत किंवा पुढे तापलेलं असतं. तिथला कडकपणा गेलेला असू शकतो. निळी पिन दिसली की मी मालकाला नव्या क्रँकची तयारी ठेवायला सांगतो. तुमच्या वर्णनात निळ्याचा उल्लेख नाही, ही चांगली गोष्ट.

तिसरी, कडकपणाचा थर. बऱ्याच क्रँकच्या पिना इंडक्शनने (विजेने तापवून) कडक केलेल्या असतात. तो थर काही मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे ०.२५ किंवा ०.५० काढून काही बिघडत नाही. शेवटी ०.५० व्यासावर म्हणजे एका बाजूने पाव मिलिमीटरच. पण काही क्रँक नायट्राइड केलेले (नायट्रोजन मुरवून कडक केलेले) असतात, आणि तो थर मिलिमीटरच्या काही दशांशांतच संपतो. असा क्रँक ग्राइंड केला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. त्याला पुन्हा नायट्रायडिंग करावं लागतं. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात हीट ट्रीटमेंटवाले आहेत, पण जाण्या-येण्याचे दिवस आणि त्यात क्रँक वाकण्याचा धोका धरला तर तिथे नवा क्रँकच परवडतो. तुमचा कुठला आहे ते मॅन्युअल किंवा पार्ट बुक सांगेल. न विचारता ग्राइंडिंगला देऊ नका.

चौथी गोष्ट मी स्वतः पैसे मोजून शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी एका एक्स्कॅव्हेटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बांधलं होतं. क्रँक ०.५० ला ग्राइंड होऊन आला, आरशासारखा. मी मापं घेतली, सगळी बरोबर. बांधलं, मशीन गेलं. तीनशे तासही झाले नव्हते आणि फोन आला की इंजिन एकदम बंद पडलं, फिरतच नाही. खोललं तर पाच नंबरच्या पिनला लागून क्रँकचे दोन तुकडे. तुटलेल्या तोंडावर लाट ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा रेघा होत्या, आणि सगळ्या एका कोपऱ्यातून निघालेल्या. पिन जिथे बाजूच्या जाड भिंतीला मिळते, तिथे गोलाई हवी असते. ग्राइंडिंगवाल्याने चाकाचा काठ गोल न करता तसाच वापरला होता. कोपरा काटकोनात निघाला, तिथून तडा सुरू झाला. चूक त्याची होती, पण रेडियस गेज माझ्या डब्यात असून मी लावलं नव्हतं, कारण चकाकी बघूनच मी खूश झालो होतो. तो क्रँक मी माझ्या खिशातून दिला. आता ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकवर मी पहिल्यांदा कोपरे बघतो, माप नंतर. तुम्हीही बोटाच्या नखाने बघू शकता: नख कोपऱ्यात सरकत वर चढलं पाहिजे, अडकून थांबता कामा नये. काही इंजिनांत हा कोपरा रोलरने दाबून मजबूत केलेला असतो. तिथे कोपऱ्याला चाक लागलंच नाही पाहिजे.

तेलाची भोकंही बघा. ग्राइंडिंगनंतर भोकाचा काठ धारदार राहतो आणि तो बेअरिंगला रंध्यासारखा छिलतो. काठ हलका मोडून पॉलिश केलेला हवा.

वाकलेला क्रँक हा वेगळा विषय. दोन टोकांच्या मेन व्ही ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनवर डायल गेज लावा आणि फिरवा. मॅन्युअलच्या हद्दीबाहेर गेला तर प्रेसखाली सरळ करून देणारे भेटतील. मी अर्थमूव्हिंगच्या इंजिनात सरळ केलेला क्रँक टाकत नाही. वेल्डिंगने भरलेला क्रँकही नाही. विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाला भरलेला क्रँक वर्षानुवर्षं चाललेला मी पाहिलाय, पण रॉक ब्रेकर लावून दिवसभर दणके खाणाऱ्या मशीनला तो माझ्या सहीने जाणार नाही. याबाबत वेगळं मत असणारे चांगले मेकॅनिक आहेत, हेही सांगून ठेवतो.

मग तुमच्यासाठी काय? मापं वरच्या उदाहरणासारखी निघाली, तडा नाही, निळा नाही, इंडक्शनचा क्रँक आहे आणि ग्राइंडिंगवाल्यावर तुमचा भरवसा आहे, तर सगळ्या चार पिना ०.२५ ला ग्राइंड करा. दोनच पिना करून दोन स्टँडर्ड ठेवायच्या नाहीत. बेअरिंगचा सेट एकाच मापाचा येतो आणि पुढच्या मेकॅनिकला फसवायचं पाप डोक्यावर राहतं. मेन मापात असतील तर त्या स्टँडर्डच राहू द्या, पिना आणि मेन वेगवेगळ्या मापाच्या चालतात. आणि याआधी कधी इंजिन काम झालंय का ते बघा. क्रँकच्या बाजूवर किंवा जुन्या शेलच्या पाठीवर मापाचा शिक्का असतो. आधीच ०.५० असेल तर सगळं गणित बदलतं.

मशीन अजून सहा-सात वर्षं ठेवायचं आहे, ब्रेकरचं काम जास्त आहे आणि जवळ नीट ग्राइंडिंग करणारा नाही, तर सर्व्हिस सेंटरवाल्याचं ऐकायला हरकत नाही. मशीन वर्षभरात काढायचंच असेल तर नव्या क्रँकचे पैसे विक्रीत परत मिळत नाहीत. हा निर्णय तुमच्या खिशाचा आहे, त्यात मी पडत नाही. फक्त नवा घ्याल तर पार्ट नंबर जुन्याशी ताडून घ्या, आणि नवा आहे म्हणून न मोजता बसवू नका. नव्या क्रँकच्या भोकांत गंजरोधक मेण आणि कधी कधी बारीक बुरादा मी स्वतः काढलाय. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जमध्ये जगभरच्या इंजिनांचे क्रँक घडतात. फोर्ज केलेल्या क्रँकमध्ये पोलादाचे धागे वळणाबरोबर वळतात, ताकद तिथून येते. बाजारात कमी किमतीत मिळणारा बिननावाचा क्रँक कशाचा आहे, ते बाहेरून बघून मलाही सांगता येत नाही, म्हणून मी तो घेत नाही.

क्रँकचं ठरलं तरी काम निम्मंच झालं. ब्लॉकमधला मेन बोगदा (मेन बेअरिंगची भोकं) तपासा: बेअरिंग न टाकता कॅप पूर्ण टॉर्कने आवळून बोअर गेजने गोलाई बघायची. रॉडचे मोठे डोळेही तसेच. रॉड फोडून केलेल्या जोडाचे असतील, म्हणजे जोडाचं तोंड खडबडीत तुटल्यासारखं दिसत असेल, तर कॅप घासून डोळा पुन्हा करता येत नाही, रॉड बदलावा लागतो. रॉडचे बोल्ट नवे घ्या.

आणि सफाई. इथे मी एकदा घसरलोय. एका बॅकहोचं इंजिन, बेअरिंग जळून बुकणी झालेली. क्रँक ग्राइंड केला, ब्लॉक धुतला, गॅलरीचे प्लग काढून ब्रश मारला, पण ऑइल कूलर हवा मारून तसाच लावला. दोनशे तासांच्या आत तोच ठोका. कूलर कापून बघितला, तर आतल्या घड्यांत जुन्या बेअरिंगची चकाकती भुकटी बसलेली. गरम तेल जोरात फिरलं की थोडी थोडी सुटत होती. तेव्हापासून बेअरिंग जळालेल्या इंजिनात मी कूलर नवाच लावतो. टर्बोची तेलाची पाइप आणि टर्बोच्या शाफ्टचा प्ले बघितल्याशिवाय तर इंजिन जुळवून बंदच करत नाही. क्रँकच्या पोटातल्या भोकांना प्लग असतील तर ते काढा. आतला गाळ तारेच्या ब्रशने निघतो, हवेने निघत नाही.

बांधणी तुमचा मेकॅनिक करेल, त्याला शिकवायला जाऊ नका, पण चार वेळा शेजारी उभे राहा. मेनचं भोकवालं शेल भोकवाल्या बाजूलाच बसतंय ना, कारण उलटसुलट झालं तर त्या बेअरिंगला तेलच मिळत नाही. प्रत्येक कॅप टॉर्क केल्यावर क्रँक हाताने फिरवून बघतोय ना. जड झाला की थांबायचं, पुढची कॅप लावायची नाही. थ्रस्ट वॉशरचा एन्ड प्ले (क्रँकची पुढे-मागे हालचाल) डायल गेजने घेतोय ना. आणि चौथी वेळ सगळ्यात महत्त्वाची: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) जोडताना. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण आत बसला पाहिजे, मग इंजिन जवळ यायला हवं. बोल्टने ओढून बसवला तर तो क्रँकला पुढे ढकलत राहतो आणि नवा थ्रस्ट काही तासांत जातो. इंजिन गिअरबॉक्सला हाताने भिडलं पाहिजे, पाना लावून नव्हे. मागच्या ऑइल सीलच्या जागी क्रँकवर खाच पडली असेल तर रिपेअर स्लीव्ह घाला, नाहीतर नवं सीलही गळेल.

पहिला स्टार्ट देताना डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थांबून थांबून फिरवा, खऱ्या गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. डॅशबोर्डच्या दिव्यावर नको, ब्लॉकला मेकॅनिकल गेज लावा. गरम झाल्यावर प्रत्येक हजार आरपीएमला निदान दहा पीएसआयच्या आसपास असावं, हा माझा हिशेब. नक्की आकडा मॅन्युअलचा. मग तासभर आयडलला उभं करून ठेवू नका, त्याने लायनर चकचकीत होतात आणि रिंग बसत नाहीत. हलक्या कामाला लावा, मुरूम उचलायला, भरणीला. ब्रेकर पन्नास तास तरी नको.

त्या पन्नास तासांनी तेल आणि फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर कापा. कागदाची घडी उलगडून उन्हात धरा. थोडी राखाडी धूळ असणारच. तांब्याच्या रंगाचे कण चमकले तर मशीन थांबवून मला कळवा. त्याआधी आज-उद्या एवढं करा: चार पिनांची सोळा मापं, पाच मेनची वीस, आणि शेलचा ओळीने मांडलेला फोटो, पाठीसकट. तेवढं हातात आलं की वीस थाऊ की दहा, की नवा, ते नेमकं सांगतो.